क्लच कव्हरचं पॅकिंग

स्प्लेंडरच्या इंजिनाला उजव्या बाजूने तेल सुटलं की बहुतेक ठिकाणी बोल्ट आवळून देतात. थोडे दिवस बरे जातात, मग पार्किंगच्या फरशीवर पुन्हा काळा डाग. आमची गाडी हिरो होंडाच्या काळातली, ९७.२ सीसीची. तिच्या क्लच कव्हरचं पॅकिंग मी घरीच बदललं. ज्याला पाने धरायची सवय आहे आणि अर्धा दिवस मोकळा आहे, त्याने हे काम घरीच करावं असं माझं ठाम मत आहे.

आधी गळती नेमकी कुठून, ते शोधायचं. तेल वरून ओघळतं, चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नसतं. इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतलं, कोरडं पुसलं, वर टाल्कम पावडर मारली आणि एक चक्कर मारून आलो. कव्हरच्या खालच्या जोडावर पावडरीत काळी रेघ उमटली होती. वर टॅपेटची झाकणं कोरडी ठणठणीत. ब्रीदरची नळीही काढून तपासली, कारण ती चोंदली असेल तर आतला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही तेल सोडतं.

पॅकिंग आणि किकच्या शाफ्टचं ऑइल सील घेतलं. दुकानदाराने विचारलं, “सीलंटची ट्यूब देऊ का दादा? सगळेच लावतात.” मी घेतली नाही.

इंजिन कोमट असताना तेल काढलं. गार तेल तळाशी चिकटून राहतं. किक, फूटरेस्ट, क्लचची केबल सोडवली. किक काढण्याआधी शाफ्ट आणि किक दोन्हींवर एका रेषेत ठिपका दिला की बसवताना दाते शोधावे लागत नाहीत. कव्हरचे बोल्ट आठच्या पान्याचे, पण सगळे सारख्या लांबीचे नाहीत. पुठ्ठ्यावर कव्हराची आकृती काढून मुलीच्या हाती दिली होती. निघालेला प्रत्येक बोल्ट ती त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचत गेली. “बाबा, हा लांब आहे, खालचा ना?” अगदी बरोबर विचारलं तिने. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, वर कव्हर सैलच राहतं आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात.

कव्हर निघालं आणि तेलपंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी ओढून काढली, तेव्हा सीलंट का नको ते हातातच आलं. जाळीला राखाडी, रबरासारखे धागे चिकटले होते. मागे कुठल्या तरी गॅरेजात कागदी पॅकिंगवर सीलंटचा थर दिला होता. आवळल्यावर तो आतल्या बाजूला फुगून आला आणि तुटून तेलात पडला. ही जाळी भरली की हेडपर्यंत तेल पोचत नाही. दहा थेंबांची गळती थांबवायला कॅमशाफ्ट धोक्यात घालायचा, हे मला अजिबात पटत नाही.

खरं काम पुढे आहे, ते म्हणजे दोन्ही कडा साफ करणं. जुना कागद भाजून धातूला चिकटलेला असतो. वेळ लागला तरी स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून तेलाला वाट मिळते. मी थिनरने कागद भिजवत राहिलो आणि ब्लेड आडवं धरून पापुद्रे काढले. क्लचवर फडकं झाकून ठेवलं होतं, कण आत जाऊ नयेत म्हणून. कडेवरून नख फिरवलं आणि कुठेही अडलं नाही, तेव्हा थांबलो. दोन्ही डॉवेल जागेवर आहेत हे पाहून नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. बोल्ट आधी हाताने टेकवले, मग समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे; लांब दांड्याचा पाना इथे घातकच.

आता कव्हर कोरडं आहे. हेडचं पॅकिंग मात्र पहिल्याच खेपेला घरी काढू नका. तिथे टायमिंग चेन जुळवावी लागते. आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजात नेऊन द्या, तिथे जुन्या तेलाचं पिंप असतं.