न आलेल्यांची नोंद

२०१६ साली पॅरिसमधील ४ सार्वजनिक रुग्णालयांनी आपल्या १० वर्षांच्या नोंदी संगणकाच्या स्वाधीन केल्याचे वृत्त आले. पुढील १५ दिवसांत कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला किती रुग्ण येतील, याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बांधावा व त्यानुसार परिचारिकांच्या पाळ्या ठरवाव्यात, ही योजना. अवघ्या वॉर्डाचा भार एकटीवर पडू नये, हा हेतू स्तुत्यच होय.

हीच पद्धत आपल्याकडे येताना मात्र एक विचार आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. यंत्र शिकते ते आलेल्यांच्या नोंदींवरून. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास आम्ही घरोघर जातो, तेव्हा भेटतात ते न गेलेले: कुणाचा रोज बुडतो, कुणाला सोबत नाही, कुणी मागच्या खेपेस ताटकळून परतलेले. रुग्णालयाच्या दप्तरी त्यांचे दुखणे नाही. जेथे कर्मचारी अपुरे, तेथे रुग्ण पुन्हा फिरकत नाहीत; नोंद घटते, आणि यंत्र तेथे आणखी कमी कर्मचारी सुचविते.

म्हणून वाचकहो, यंत्राच्या अंदाजाशेजारी घरोघर फिरणाऱ्या आशासेविकेची वहीही असावी. आलेल्यांची गणती यंत्राने खुशाल करावी. न आलेल्यांसाठी कुणीतरी त्यांचा उंबरठा ओलांडलाच पाहिजे.