न दिसणारी झीज

मी याच वसतिगृहात वाढलो आणि पुढे येथेच इतिहासाचा शिक्षक झालो. स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधताना कार्यालयाच्या कपाटात निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला. आत १४ एप्रिलच्या मिरवणुका होत्या, स्नेहसंमेलने होती. आणि प्रवेशाच्या दिवशी मला सोडायला आलेली माझी आईही होती. तिचे दुसरे छायाचित्र नाही.

पॉलिमरवर संशोधन करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला मी हे कळवले. त्याने सांगितले, “सर, फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्ण, दमट हवेत तिच्या रेणूंतील ॲसिटिल गट सुटून ॲसिटिक आम्ल बनते. तेच आम्ल पुढची झीज वेगाने घडवते.”

एक कोरी पट्टी त्याने प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यावरील जिलेटिनचा थर काढून तिचे अवरक्त वर्णपटीय प्रतिमांकन केले. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण रेणूतील बंध आपापल्या कंपनांनुसार ते शोषतात. हे शोषण बिंदूबिंदूला मोजून त्याचा रंगीत नकाशा तयार होतो. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या त्या पट्टीची एक कड नकाशात वेगळी उमटली. तेथे १७४० प्रतिसेंटिमीटरजवळचे ॲसिटिल गटांचे शोषण घटले होते आणि ३४०० जवळचे हायड्रॉक्सिलचे वाढले होते. फिल्म सुरकुतण्यापूर्वीच झीज सुरू झाली होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्या नकाशापाशी बराच वेळ थांबलो. ज्यांची नावे दप्तरांत क्वचितच आली, त्या आपल्या आईवडिलांचा पुरावा अशाच डब्यांत आहे. तो जळत नाही, कोणी फाडत नाही. केवळ आपण डबा न उघडल्यामुळे तो नाहीसा होतो.

झालेली झीज भरून येत नाही, तिचा वेग मात्र कमी करता येतो. आम्ही सर्व निगेटिव्ह स्कॅन केल्या, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घातल्या आणि थंड, कोरड्या जागी हलवल्या. माजी विद्यार्थ्यांनो, घरातील डबे एकदा उघडून पाहा. आंबट वास आला, तर त्या निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या करा आणि लगेच स्कॅन करून घ्या.

आईचे छायाचित्र या अंकात छापले आहे. तिच्या हातातील माझी पत्र्याची पेटी अजून स्पष्ट दिसते.