कोट्समध्ये आहे ना? मग सेफ!

पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हांत टाका. नेता काहीही बरळू दे, ते त्याचं. आपण सेफ! माझं पोट त्याच भरवशावर चालतं. कोडिंगवाल्यांकडेही अशीच चिन्हं असतात. त्यांच्यातल्या मजकुराला ते म्हणतात स्ट्रिंग. कोट्समध्ये '२+२' लिहिलं की ती फक्त तीन अक्षरं. पण जावास्क्रिप्टमध्ये 'इव्हॅल' नावाचं एक फंक्शन आहे. ते स्ट्रिंगला कोड समजून चालवतं आणि हातात ४ ठेवतं. सही ना? बेरजेपुरतं, हो.

माझी रूममेट वेब डेव्हलपर आहे. तिच्या टीमकडे एका शॉपिंग साइटचं काम होतं. दुकानदारानं डिस्काउंटचा फॉर्म्युला बॉक्समध्ये टाइप करायचा, सर्व्हर तो थेट इव्हॅलला देणार. एका ओळीत काम खल्लास! हिनं रिलीज अडवला. बॉक्समध्ये फॉर्म्युलाच येईल याची गॅरंटी काय? कुणी गिऱ्हाइकांचे पत्ते काढायची आज्ञा लिहिली, तर सर्व्हर तीही इमानेइतबारे पाळणार.

'मग डेंजर शब्द फिल्टर करू की,' टीम लीड म्हणाला.

त्यावर हिनं त्याला सॅमी कामकर ऐकवला. (आडनाव आपल्याकडचं वाटतं, पण पोरगा लॉस एंजेलिसचा.) ऑक्टोबर २००५ मध्ये या १९ वर्षांच्या पठ्ठ्यानं मायस्पेसवरच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये कोड दडवला. ते पान जो उघडेल, त्याच्या प्रोफाइलवर 'सॅमी माझा हिरो' असं उमटायचं आणि तो कोडही तिथे चिकटायचा. मायस्पेसकडे फिल्टर होते की! 'इनरएचटीएमएल' शब्द दिसला की उडवायचे. यानं तो शब्द मधोमध तोडला आणि दोन गरीब बिचारे तुकडे इव्हॅलमध्ये जोडले. फिल्टरला काही दिसलंच नाही. वीसेक तासांत दहा लाखांवर प्रोफाइल्स! साइट काही काळ बंद ठेवावी लागली. २००७ मध्ये सॅमीला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

लीडला गोष्ट आवडली. डेडलाइन हलली, ते नाही आवडलं. हिनं इव्हॅल काढून फक्त आकडे आणि चार गणिती चिन्हं ओळखणारा छोटासा पार्सर लिहिला. त्यात चार दिवस गेले. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'डिलिव्हरीत उशीर'. चोरीला न गेलेल्या पत्त्यांसाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. माझ्या बँकेची साइट हिनंच लिहिलेली असती तर मी निवांत झोपले असते, पण माझ्या मताला तिथे कोण विचारतंय?

ती आता दुसरी नोकरी शोधतेय.