फुकट प्रतीचा भाव

भिवंडीला गोदामे दिली ती मुंबईच्या जकातीने. महानगरपालिकेच्या हद्दीत शिरण्याआधी माल बाहेर कोठेतरी उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांच्या सोयीचे होते, आणि खाडीपलीकडची वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर ही गावे त्या ‘कोठेतरी’मध्ये बरोबर बसली. भातखाचरांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. जुलै २०१७मध्ये जकात गेली; गोदामे मात्र वाढतच राहिली. माझ्या तृतीय वर्षाच्या मराठीच्या वर्गातली बरीच मुले याच पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या पाळीत खोकी भरतात. पुस्तके वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तके हाताळणारे विद्यार्थी मला अधिक लाभले आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

वळच्या एका गोदामात रात्रपाळी करणाऱ्या अशाच एका विद्यार्थ्याने मला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रकार समजावून सांगितला. “मॅडम, यात सोंगट्यांचा पट लागतोच असे नाही,” तो म्हणाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बोलता बोलता गोष्ट पुढे नेतात. तलवार लागली की चुकली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. दशावतारी मंडळींना रंगमंचावर ऐनवेळी संवाद रचताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात फार नवल वाटणार नाही. नवल आहे ते निराळेच. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या या खेळाचा धंदा मुळात ग्रंथप्रकाशनाचा आहे. विकायचे ते नियमांचे पुस्तक, राक्षसांचे पुस्तक, सूत्रधाराचे पुस्तक. २०१४च्या आवृत्तीतल्या खेळाडूंच्या पुस्तकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर होती, आणि मुख्य पुस्तके तीन. आमची मुले हा खेळ रविवारी दुपारी मोबाइलवरच्या स्कॅन केलेल्या प्रतीवरून खेळतात. ती प्रत कोठून आली, असे विचारल्यावर उत्तरादाखल केवळ हसू आले.

या व्यवसायाच्या इतिहासात २००९ हे साल मला फार बोधप्रद वाटते. त्या वर्षी मार्चमध्ये खेळाडूंच्या दुसऱ्या पुस्तकाची चोरटी प्रत जालावर पसरली. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने एप्रिलमध्ये आठ जणांवर दावे लावले आणि त्याच वेळी आपल्या सर्व पीडीएफची विक्री थांबवली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, छापील रूपात केव्हाच संपलेली पुस्तकेही त्यासरशी दुकानातून उठली. परिणाम असा झाला की, पैसे देऊन पीडीएफ घेऊ इच्छिणाऱ्याला दार बंद आणि फुकट घेणाऱ्याला सताड उघडे. जुन्या पुस्तकांची विक्री पुन्हा सुरू व्हायला २०१३ साल उजाडावे लागले.

त्याच २००९मध्ये पायझो या संस्थेने ‘पाथफाइंडर’चा जाडजूड नियमग्रंथ काढला: छापील ४९.९९ डॉलरला आणि पीडीएफ ९.९९ला. हा खेळ उभा होता तो विझार्ड्सनेच २००० साली दिलेल्या खुल्या परवान्यावर. म्हणजे मूळ घराण्याचेच नियम घेऊन शेजारी दुसरी चूल मांडलेली. तिसऱ्या एका छोट्या मंडळीने, पोस्टह्यूमन स्टुडिओजने, तर कमालच केली. आपले ‘एक्लिप्स फेज’ त्यांनी बिगरव्यापारी वाटपाची मोकळीक देऊन प्रसिद्ध केले आणि चोरट्या प्रती जेथे फिरतात त्या टॉरंटवर स्वतःच नेऊन ठेवले. ज्याला आवडेल तो छापील प्रत घेईल, असा त्यांचा हिशेब होता. (खेळाच्या नियमांची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, तिची शब्दांकित मांडणी असते, हे कायद्याचे तत्त्वही या मंडळींच्या मदतीला होते. ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट कापडावर उतरवून घेताना कोणी कोणाची परवानगी मागितली असेल असे वाटत नाही.)

हे सारे मला दूरचे वाटले असते. पण त्याच विद्यार्थ्याने एकदा सेट परीक्षेच्या व्हॉट्सॲप गटातून आलेली एक फाइल मला पाठवली आणि खाली लिहिले, “मॅडम, हे तुमचेच ना?” माझेच होते. ग्रामीण कादंबरीवरचे माझे समीक्षेचे पुस्तक, पाचशे प्रतींची आवृत्ती, दुकानांत दहा वर्षे अनुपलब्ध. कोणीतरी एकेक पान काचेवर ठेवून ते स्कॅन केले होते. आधी राग आला. नंतर ध्यानात आले की, या मुलाला ते विकत घ्यायचे असते तरी घेता आले नसते.

प्रकाशकांना फोन केला. शंभर प्रतींची आगाऊ मागणी आल्याखेरीज पुनर्मुद्रण परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. कागदाचा खर्च मी जाणते. मग पीडीएफ विका, म्हटले. “एक विकली की हजार फुकट जातील, बाई.” फुकट तर ती आताच जात होती. पुढच्या वाचकाला मोबदला देण्याची एक वाट तरी असावी, एवढेच मी सुचवत होते.

खेळपुस्तकांचा हा उपाय मराठीला जसाच्या तसा लागू पडेल, असे मात्र मी म्हणणार नाही. नियमग्रंथ दर रविवारी उघडावा लागतो, हाताळायला छापील प्रतच बरी पडते, शिवाय फासे आणि बाहुल्या विकता येतात. कादंबरी एकदा मोबाइलवर वाचून झाली की संपली. महिन्यापूर्वी आलेल्या कादंबरीची प्रत गटात टाकणारा माणूस लेखकाच्या ताटातला घास घेतो. त्याला ज्ञानप्रसार वगैरे नावे देऊ नयेत. कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे, ती उगाच नाही. परंतु संपलेल्या आवृत्त्या, समीक्षाग्रंथ, जुने कोश यांचे काय? राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली, विश्वकोशही जालावर खुला झाला. तिथे चोराला कामच उरले नाही. खासगी प्रकाशकाने विनामूल्य द्यावे असे नव्हे. साठ-सत्तर रुपयांना द्यावे.

तसे पत्र मी पाठवले आहे. त्यांनी उलट जीएसटीचा प्रश्न काढला, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही: छापील पुस्तकावर कर नाही, पण त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ साली पाच टक्के ठरला, आणि तेवढ्यासाठी हिशेब कोणी ठेवायचा? मी ठेवते, असे कळवले. त्यावर अद्याप उत्तर नाही. मुलांच्या गटात तीच स्कॅन प्रत फिरते आहे. तिचे पान ११२ तिरके आले असून तळटीप अर्धी कापली गेली आहे. ती तळटीप मी त्या मुलाला टंकून पाठवली.