‘खाली बस!’

मी हाडाचा मराठीचा मास्तर. एम. ए.ला ज्ञानेश्वरी वाचली. पिस्टनशी संबंध आला तो फक्त बुलेटपुरता. वीसेक वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले आणि नववीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. पुस्तक मिटून मी खिडकीबाहेर बोट दाखवले. चिंचेखाली माझी बुलेट उभी होती.

“ही चोर्ला घाट लीलया का चढते?” मीच विचारले, मीच सांगितले. “हिच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे तोंडाची रुंदी, ७० मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९० मिलिमीटर. स्ट्रोक लांब, म्हणून क्रँकचा हात लांब. लांब पान्याने नट सहज सुटतो ना? तसाच इथे टॉर्क वाढतो.”

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. गॅरेजवाल्याचा मुलगा. घरी कन्नड, शाळेत मराठी.

“सर, पण तोंड बारीक झालं की पिस्टनवरचा जोर बी कमी होतोय की!”

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. अशा वेळी जे करू नये तेच मी केले. “खाली बस!” म्हणालो. तो बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने माझ्या तासाला पुन्हा हात वर केल्याचे आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर माझी नवी क्लासिक ३५० सर्व्हिसिंगला घेऊन गेलो. गॅरेज त्याचेच. तेलाचे हात मागे धरून तो वाकला. मला राहवले नाही. म्हणालो, “बाळा, तुझा तो प्रश्न बरोबर होता का रे?”

तो हसला. “सर, ते अजून ध्यानात हाय?” मग खडू घेऊन फरशीवरच त्याने दोन सिलिंडर काढले. एक उंच-अरुंद, दुसरे बुटके-रुंद. आतली जागा दोन्हींत सारखीच. स्ट्रोक दुप्पट केला तर क्रँकचा हात दुप्पट होतो. पण तेवढ्याच सीसीत पिस्टनचे क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून त्यावरचा जोरही निम्मा. दुप्पट गुणिले निम्मे, हिशेब जागच्या जागी! टॉर्क ठरतो तो मुख्यतः सीसीवर आणि आतल्या दाबावर.

“मग फरक कुठे पडतो?”

“फेऱ्यांत, सर.” शेजारी २०१७ नंतरची एक ३९० ड्यूक उभी होती, ३७३ सीसीची. बोअर ८९, स्ट्रोक अवघा ६०. माझ्या गाडीचा बोअर ७२, स्ट्रोक ८५.८. माझीचा टॉर्क २७ न्यूटन-मीटर, तिचा ३७. म्हणजे दीडपटही नाही, आणि तो फरकही चार व्हॉल्व्ह, पाण्याचे कूलिंग, जास्त कॉम्प्रेशन यांचा. हॉर्सपॉवर मात्र माझीची २०, तिची ४३! कारण हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. माझी मिनिटाला ६१०० फेऱ्यांना दमते, ती ९००० पर्यंत पळते. आखूड धावेचा पिस्टन जास्त वेळा वरखाली होऊ शकतो, आणि रुंद तोंडावर मोठे व्हॉल्व्ह बसतात. गंमत अशी, की त्या वेगाला दोघींचेही पिस्टन सेकंदाला सारखेच, साडेसतरा-अठरा मीटर धावतात.

घाटात बुलेट खेचते ती हात लांब म्हणून नव्हे, तर तिचा सगळा टॉर्क ४००० फेऱ्यांनाच हाती येतो म्हणून. ड्यूकला त्यासाठी ७००० गाठावे लागतात. बुलेटची जडणघडणच सावकाशीची, तिचे चाकही जड.

तो बोलत होता आणि मी बाकावर बसून ऐकत होतो. शाळेनंतर तो पुढे का शिकला नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

सोमवारी नववीच्या वर्गात मी फळ्यावर दोन सिलिंडर काढले. वीस वर्षांपूर्वी काय चुकीचे शिकवले आणि कुणाला गप्प बसवले, तेही सांगितले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, “सर, मग बोअर वाढवतच का नेत नाहीत?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “उभी राहा, विचारून सांगतो.” आणि वर्गातूनच गॅरेजला फोन लावला.

“रुंद तोंडात जाळ कडेपर्यंत पोचायला वेळ लागतोय, सर,” पलीकडून आवाज आला. “इंजिन ठोकायला लागतंय.”

फोनचा स्पीकर मी चालूच ठेवला होता.