नाना, शंका घ्या. पण योग्य जागी

ती. नानाकाकांस,


मुलुंडच्या तुमच्या कट्ट्यावर तापमानवाढीचा विषय निघाला की तुमचं पालुपद ठरलेलं : ‘हवामान कायमच बदलत आलंय. 26 जुलैला मुंबई बुडाली ती मिठी नदी बुजवली म्हणून. त्यात कार्बनचा काय संबंध?’ फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते आहे.

तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. एकाच शहरात एवढी तफावत असेल, तर त्या दिवसाचं खापर थेट तापमानवाढीवर फोडता येत नाही. मिठीचं पात्र आवळलं गेलं होतं आणि आपली जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, हेही खरं.

पण एका दिवसावरून हवामान ठरत नाही. त्यासाठी दशकांच्या नोंदी लागतात. त्या नोंदी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात मोसमी पावसाची एकूण बेरीज फारशी हलली नाही, पण मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे घटले, असं त्यांनी 2006 मध्ये दाखवलं. तिथल्याच रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या 2017 च्या अभ्यासात 1950 पासून मोठ्या प्रदेशावरची अतिवृष्टी तिपटीने वाढलेली दिसली. त्यासाठीची वाफ मुख्यतः तापत्या अरबी समुद्रावरून येते. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते.

‘हे माणसामुळेच कशावरून?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत 280 होता, आता 420 च्या वर आहे. वाढलेला कार्बन कोळसा-तेलातलाच आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून कळतं. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतो आहे. शास्त्रज्ञांचं एकमत हात वर करून ठरलेलं नाही. वेगवेगळ्या वाटांनी गेलेले लोक एकाच उत्तरापाशी पोचले, म्हणून ते झालं.

तुमचा हुकमी पत्ता मला ठाऊक आहे : हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपतील, हे आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान-समितीच्या 2007 च्या अहवालातलं विधान. ते चूकच होतं. आक्षेप आले, आणि जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीने ती चूक जाहीरपणे मान्य केली. बाकीचे पुरावे त्याने ढासळले नाहीत. चुका दुरुस्त करणाऱ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

वाद घालण्याजोगं पुष्कळ उरलंय, नाना. दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असलेल्या आपल्या देशाने किती भार उचलायचा? 2022 च्या हवामान आराखड्यात मुंबईने 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलंय; त्यातलं मुलुंडमध्ये काय झालं? मिठी बुजवणंही माणसाचंच काम आणि हवा तापवणंही. एकाकडे बोट दाखवून दुसरं माफ होत नाही. तुमची धारदार शंका आता पालिकेच्या टी वॉर्डाच्या कार्यालयात घेऊन जा. मी घाटकोपरहून सोबत यायला तयार आहे.

तुमची लाडकी आणि भांडखोर पुतणी