आवाज… आवाज!

नाटकवाल्यांना टीव्हीवर बक्षिसं देणं हा मुळातच एक फार्स आहे. सिनेमाच्या बक्षिसांचं समजू शकतं. जो सिनेमा न्यूयॉर्कला लागतो तोच नाशिकलाही लागतो, आणि न पटलेल्या निकालावर भांडायचा हक्क दोन्हीकडच्यांना सारखाच असतो. नाटकाचं तसं नाही. एका शहरातल्या ४१ थिएटरांत वर्षभर जे झालं, त्यातलं कितीतरी एव्हाना बंदही पडलेलं असतं. आणि ज्यांनी त्यातलं एकही बघितलेलं नाही अशा लाखो लोकांना सांगायचं की हे यंदाचं सर्वोत्तम. त्यांनी मान डोलवायची. या सोहळ्याला टोनी पुरस्कार म्हणतात, आणि मी तो दरवर्षी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या भाषणापर्यंत, मधल्या औषधांच्या जाहिरातींसकट बघते.

मी मूळची दादरची, म्हणजे शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत वाढलेली. आता राहते न्यू जर्सीत. हडसन ओलांडली की ब्रॉडवे. नदी ओलांडणं सोपं, तिकिटाचा आकडा ओलांडणं अवघड. त्यामुळे एखाददुसरं नाटक प्रत्यक्ष बघून होतं आणि बाकीची टोनीच्या रात्री तुकड्यातुकड्यांनी. नवराही शेजारी येऊन बसतो. टीव्हीसाठी नाही, माझी बडबड ऐकायला. नाट्यगृहात अडीच-तीन तास तोंड मिटून बसायची शिस्त लागलेली असते ना, ते सगळं साचलेलं त्या एका रात्री बाहेर पडतं.

टोनी हे कुणा पुरुषाचं नाव नव्हे. अँटोनेट पेरी ही नटी, दिग्दर्शक आणि निर्माती. तिच्या लाडक्या नावाने १९४७ साली हे पुरस्कार सुरू झाले. तेव्हा पदक-बिदक काही नव्हतं. पहिल्या वर्षी विजेत्यांना एक मानपत्र आणि सोबत पुरुषांना सिगारेटचा लायटर, बायकांना पावडरची डबी दिली होती. पदक आलं १९४९ मध्ये. मला विचाराल तर लायटर आणि डबी हीच नाटकवाल्याची खरी ओळख होती: प्रयोगाआधी डबी, प्रयोगानंतर लायटर. आमच्या शाल-श्रीफळापेक्षा तर नक्कीच उपयोगी. नटाच्या घरी इतक्या शालींचं करायचं काय, हा प्रश्न मराठी रंगभूमीने अजून सोडवलेला नाही.

जुन्या टोनींचे किस्से हा माझा जाहिरातींच्या वेळचा उद्योग. नवऱ्याने ते सगळे ऐकलेत, तरी सांगते. १९६० साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधल्या पोरांना सगळ्यांना मिळून एकच नामांकन देण्यात आलं. कशासाठी? सहायक अभिनेत्रीसाठी. त्यात मुलगेही होते. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर पोसलेल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं कारण नाही, पण त्या मुलग्यांना शाळेत काय ऐकावं लागलं असेल! बरं, एवढं करून बक्षीस हुकलं ते हुकलंच. ते गेलं त्याच नाटकातल्या मठाच्या मदर ॲबेसला.

२०२१ चा किस्सा त्याहून सरस. करोनाने नाट्यगृहं बंद पडल्यामुळे आदल्या हंगामात नाटकंच थोडी झाली होती. म्युझिकलमधला प्रमुख अभिनेता या गटात नामांकन मिळालं एकट्या ‘मूलाँ रूज’च्या ॲरन ट्वेटला. एकच उमेदवार! पण नियम असा की मतदारांपैकी ६० टक्क्यांनी हो म्हटलं तरच बक्षीस, नाहीतर कुणालाच नाही. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत माणूस बिनविरोध आला की गुलाल उधळून मोकळा होतो. इथे बिचारा महिनोन्‌महिने स्वतःशीच स्पर्धा करत बसला. नाव पुकारलं तेव्हा त्याला रडू आलं. मला आधी हसू आलं आणि मग त्याचं रडणं पटलं. एकट्याने धावून हरण्याची नामुष्की थोडक्यात टळली होती.

टीव्हीवर सगळ्यात हाल होतात गद्य नाटकांचे. म्युझिकलवाल्यांना निदान तीनचार मिनिटांचा एक प्रवेश करून दाखवता येतो. त्याचा खर्च बहुधा त्यांच्याच निर्मात्याच्या खिशातून जातो, आणि बक्षीस हुकलं तर थोड्याच दिवसांत नाटक बंद होणार हे नाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून तर ते जिवाच्या आकांताने नाचतात. कॅमेरा मात्र नेमका पाय थिरकायला लागले की चेहऱ्यावर जातो. ‘पाय दाखव रे, पाय!’ हे माझं दर टोनीचं पालुपद. गद्य नाटकाच्या वाट्याला चार वाक्यांची ओळख आणि पळती दृश्यं येतात. ज्या नाटकाचं सगळं बळ दुसऱ्या अंकातल्या एका दीर्घ शांततेत आहे, ते पंधरा सेकंदांत दाखवणार तरी कसं? शिवाय कधी प्रवेश करायची संधी मिळालीच, तर सहाशे-आठशे खुर्च्यांच्या थिएटरात बेतलेला अभिनय टोनी अनेकदा जिथे होतात त्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या जवळपास सहा हजार खुर्च्यांसमोर उभा करायचा. आवाज मोठा केला की खोटा वाटतो, नाही केला की विरून जातो.

मग शेवटी सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं नाव जाहीर होतं आणि निर्माते स्टेजवर यायला लागतात. येतात, येत राहतात. विंगेपासून विंगेपर्यंत काळे कोट आणि चमचमते झगे. एवढी माणसं मूळ नाटकात नसतात. बोलतो एकच, उरलेले आईला आपण दिसतोय ना एवढं बघतात. मराठी नाटकाच्या जाहिरातीत निर्मात्याचं एखाददुसरं नाव वाचायची सवय असलेल्या मला दरवेळी वाटतं, हे सगळे मिळून नफा वाटून घेतात की तोटा?

सिनेनटांवर माझा राग नाही. त्यांच्या नावावर थिएटर भरतं आणि भरलेलं थिएटर केव्हाही चांगलंच. पण २०२५ साली टोनीच्या मतदारांनी जी गंमत केली तिने मी खूश झाले. त्या हंगामात डेन्झेल वॉशिंग्टनचं ‘ऑथेल्लो’ आलं होतं. चांगल्या खुर्चीचं तिकीट ९२१ डॉलरपर्यंत गेलं होतं, म्हणजे तेव्हाच्या दराने पाऊण लाखाच्या वर रुपये. नामांकनं किती? शून्य. देवलांच्या ‘झुंजारराव’ने हीच गोष्ट मराठी माणसाला किती स्वस्तात रडवत दाखवली होती! जॉर्ज क्लूनीला निदान नामांकन मिळालं, पण प्रमुख अभिनेत्याचं बक्षीस नेलं कोल एस्कोला यांनी. ‘ओ, मेरी!’ हे नाटक त्यांचंच, आणि त्यात त्यांनी अब्राहम लिंकनच्या बायकोची भूमिका केली: दारूच्या पूर्ण आहारी गेलेली, गाणारी नटी व्हायचं स्वप्न बघणारी बाई. इतिहासाशी संबंध नावापुरता. हॉलिवूडचा राजा खाली बसलेला आणि वर पुरस्कार घेणारं माणूस झग्यातल्या भूमिकेसाठी नावाजलेलं! मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, ‘वन्स मोअर म्हण.’ म्हटलं.

सगळंच काही हसण्यावारी नेता येत नाही. १२ जून २०१६ च्या पहाटे ऑरलँडोतल्या एका नाइट क्लबमध्ये गोळीबार झाला, आणि त्याच संध्याकाळी टोनी होते. ते वर्ष ‘हॅमिल्टन’ या म्युझिकलचं. १६ नामांकनं, ११ बक्षिसं. अमेरिकन क्रांतीच्या लढाईचा प्रवेश त्यांनी करून दाखवला, पण त्यातल्या बंदुका त्या दिवशी काढून टाकल्या. सैनिक रिकाम्या हातांनी लढत होते. त्या मिनिटभरात मी काही बोलले नाही. टीव्हीवर नाटक पोचत नाही ही माझी जन्माची तक्रार. त्या दिवशी पोचलं, आणि तेही एक वस्तू कमी करून.

२०२३ मध्येही एक गोष्ट कमी झाली, पण हसण्यासारखी. पटकथालेखकांचा संप चालू होता, त्यामुळे सोहळ्याला लिहिलेली संहिताच नाही. सूत्रसंचालक ॲरियाना डीबोझने सुरुवातीला संहितेची फाइल उघडली तर पानं कोरी. मग तिने एक शब्दही न बोलता नाचून सोहळ्याला सुरुवात केली. ना ओढूनताणून आणलेले विनोद, ना पाकीट फोडणाऱ्या दोघांची खोटी नोकझोक. झकास झाला सोहळा. लिहिणाऱ्या जमातीतली असल्यामुळे मला याचा थोडा धक्काच बसला. लेखकांनी संप केला की कार्यक्रम सुधारतो, ही गोष्ट फार पसरू नये.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रॉडवेवरचं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १३,९८१ प्रयोगांनंतर बंद झालं होतं. ऑफिसमधली एक मैत्रीण हळहळत हा आकडा सांगत होती. मी म्हटलं, आमच्याकडे प्रशांत दामले नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी निरनिराळ्या नाटकांचे मिळून एकट्याने १२,५०० प्रयोग २०२२ मध्येच पुरे केले. तिला खरं वाटेना. ‘आणि आजारी पडले तर बदली नट कोण?’ मी म्हटलं, ‘पडत नाहीत.’

आता माझं खरं भांडण. २०१४ मध्ये टोनीवाल्यांनी ध्वनियोजनेचं बक्षीसच बंद करून टाकलं. ध्वनी कसा जोखायचा हे बऱ्याच मतदारांना कळत नाही, असं एक कारण तेव्हा चर्चेत होतं. न कळणाऱ्या गोष्टींना बक्षीस द्यायचं नाही असं ठरवलं, तर नाटकात उरेल काय? ध्वनिवाल्यांनी आरडाओरडा केला आणि २०१८ मध्ये बक्षीस परत आलं. मराठी प्रेक्षकाला ध्वनी बरोबर कळतो. माइक जरा मान टाकतो आणि मागच्या रांगेतून लगेच आरोळी येते, ‘आवाज… आवाज!’ इतकी चोख समीक्षा कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही. टोनीचे मतदार म्हणून गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेतली चार माणसं पाठवायला माझी तयारी आहे.

बक्षीस परत आलं, पण टीव्हीवर नाही आलं. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी ही सगळी बक्षिसं हल्ली मुख्य सोहळ्याच्या आधीच उरकतात, वेगळ्या कार्यक्रमात. मोठ्या वाहिनीवर सोहळा सुरू होतो तोवर ही मंडळी आपली पदकं घेऊन खुर्चीत बसलेली असतात. २०२३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला तीन टोनी मिळाले: नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी. पाँडिचेरीचा एक मुलगा वाघाबरोबर होडीत अडकतो, ही सगळी गोष्ट. स्टेजवर समुद्र आणणारी माणसं म्हणजे तेच नाटक होतं की! आणि नेमकं तेच मोठ्या कार्यक्रमाबाहेर. सूत्रसंचालकाच्या विनोदातली दोन मिनिटं कापली असती तरी त्यांना जागा झाली असती.

आपल्याकडे टोनीइतका झगमगाट नाही, पण एक गोष्ट आपण त्यांच्यापेक्षा चांगली करतो आणि आपल्याला ती माहीतच नसते. तिसरी घंटा होते, दिवे मालवतात, आणि पडदा उघडायच्या आधी एक आवाज सगळ्यांची नावं सांगतो: नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना अमुक, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, मग लेखक, दिग्दर्शक. दर प्रयोगाला, बक्षीस मिळो न मिळो. त्या वेळी आपण काय करत असतो? खुर्चीचा नंबर शोधत असतो, नाहीतर शेजारच्याला वड्यांबद्दल विचारत असतो.

तेव्हा अमेरिकेतल्या वाचकांनो, जूनमध्ये टोनी बघायचे झाले तर आधीच्या कार्यक्रमापासून बघा. अलीकडच्या वर्षांत तो प्लूटो टीव्हीवर फुकट असतो. आणि मुंबई-पुण्यात नाटकाला जाणार असाल तर तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा, मोबाइल बंद करा आणि ती नावं ऐका. ऐकू आली नाहीत, तर काय ओरडायचं ते तुम्हाला माहीत आहे.